गुत्त्याचा उंबरठा : मराठी वाङ्मयातील एका अनुपस्थित स्थळाचा विचार

मराठी वाङ्मयात मद्य आहे, मद्यपी आहे आणि मद्यपानाने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे तर विपुल आहेत. नाही ते मद्यगृह. ज्या जागी बसून माणसे पितात, जिला दार असते, मालक असतो, नेहमीची गिऱ्हाइके असतात आणि शेजारपाजारच्या वस्तीत एक विशिष्ट लौकिक असतो, ती जागा आपल्या कथा-कादंबऱ्यांतून व नाटकांतून जवळजवळ लुप्तच आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकाला ही उणीव चटकन जाणवते. चॉसरचे यात्रेकरू साउथवर्कच्या ‘टॅबर्ड’ या खानावळीत एकत्र येतात, आणि फॉल्स्टाफचे सारे साम्राज्य ईस्टचीपच्या एका मद्यगृहात सामावलेले असते. झोलाने तर १८७७ साली आपल्या कादंबरीचे नावच एका दारूच्या दुकानावरून ठेवले आणि त्या दुकानातील ऊर्ध्वपातनाच्या यंत्राला एखाद्या पात्राइतके महत्त्व दिले. आपल्याकडे असे का घडले नाही, आणि न घडल्याने आपल्या वाङ्मयाची व समीक्षेची काय हानी झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. जुन्नर तालुक्यातील बेल्हे हे बाजाराचे गाव. कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढतो, ओतूर व आळेफाटा मागे टाकतो आणि अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे, जाताना बेल्ह्यावरून पुढे सरकतो. येथला सोमवारचा बैलबाजार प्रसिद्ध आहे. बैलबाजाराचा व्यवहार हा स्वतःच एक नाट्यप्रवेश असतो : रुमालाखाली हात घालून बोटांच्या स्पर्शाने ठरणारी किंमत, मध्यस्थ दलालाची लगबग, दात पाहणे, चालवून पाहणे, विसार देणे. जवळच नारायणगाव आहे, जेथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. मराठी ग्रामीण साहित्याने अशा गावाचे बहुतेक सर्व कोपरे धुंडाळले. चावडी, पार, तालीम, देऊळ, बाजार, तमाशाचा तंबू, एस. टी. चा थांबा, चहाचे हॉटेल ही स्थळे आपल्याला पाठ आहेत. पण बाजार उलगल्यावर खिशात पैसे असलेला किंवा सौदा फसल्याने हात हलवीत निघालेला शेतकरी ज्या आणखी एका दाराशी रेंगाळतो, ते दार लेखकाने क्वचितच उघडले आहे. तो शेतकरी झोकांड्या खात घरी आलेला आपण वाचतो. तो कोठून आला, हे वाचत नाही.

याचे एक कारण भाषेतच सापडते. या जागेला मराठीत जी नावे आहेत, त्यांपैकी एकही तेथे बसणाऱ्याने ठेवलेले नाही. ‘गुत्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता किंवा ठेका. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला ‘गुत्तेदार’ म्हणतात. म्हणजे गुत्ता ही पिण्याची जागा नसून सरकारकडून विक्रीचा हक्क लिलावात घेतल्याची नोंद आहे. ‘पिठा’ म्हणजे विक्रीचे ठिकाण. दारूच्या पिठ्याप्रमाणे लाकडाचाही पिठा असू शकतो. ‘भट्टी’ हा शब्द गाळणाऱ्याचा आहे, पिणाऱ्याचा नव्हे. आणि त्याला ‘हात’ हे उपपद जोडले की बेकायदेशीरपणा आपोआप सूचित होतो. ‘अड्डा’ हा शब्द मुळात निरुपद्रवी असला तरी या संदर्भात तो पोलिसांच्या पंचनाम्याचाच वाटतो. आणि ‘परमिट रूम’ हे तर उघडच परवान्याचे नाव आहे. मक्ता, विक्री, उत्पादन, गुन्हा आणि परवाना या पाचही दिशांनी या स्थळाकडे पाहता येते, असे आपली भाषा सांगते. तेथे बसलेल्या माणसाच्या दिशेने पाहावे, असे ती सुचवीत नाही.

संस्कृतात हे असे नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात पानागाराचे जे वर्णन येते, त्यात अनेक खोल्या, निरनिराळ्या शय्या व आसने, सुगंध, फुले, पाणी आणि प्रत्येक ऋतूत सुखावह वाटेल अशी व्यवस्था असावी, असे सांगितले आहे. अर्थात कौटिल्य हा कौटिल्यच असल्याने त्या सुखद खोल्यांतून गिऱ्हाइकांच्या खर्चावर लक्ष ठेवणारे हेर नेमण्यासही तो विसरत नाही. ‘आपानक’, ‘पानगोष्ठी’ या शब्दांतून सोबतीचा, संभाषणाचा भाव व्यक्त होतो. पानगोष्ठीतील ‘गोष्ठी’ मराठीत ‘गोष्ट’ होऊन सुखाने नांदली. तिच्यापुढचे ‘पान’ मात्र गळून पडले. फारशी परंपरेतून ‘मयखाना’ आला, परंतु तो गझल-रुबाईच्या संकेतांतून आला. माधव जूलियन यांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, तेव्हा त्यांतील मद्यालय रूपक म्हणूनच स्वीकारले गेले. रूपकाला पत्ता नसतो. (बेल्ह्याहून फार दूर नसलेल्या नारायणगावी पुढे द्राक्षमद्याचा कारखाना उभा राहिला आणि तेथील फेसाळ मद्य ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेले, हा योगायोग नुसता गमतीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. काव्यातून जे स्थळ मातीवर उतरले नाही, ते बाटलीच्या चिठ्ठीवर उतरले.)

आता या विषयातील मध्यवर्ती कृतीकडे वळू. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे २३ जानेवारी १९१९ नंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सिंधूच्या भूमिकेतील बालगंधर्वांनी ते महाराष्ट्राच्या हृदयात कायमचे बसविले. मद्यपानाविषयी मराठी मनाची जी समजूत आहे, तिचा आकार बव्हंशी या नाटकाने ठरविला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच्या सहा वर्षे आधी, १९१३ मध्ये, खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’तही मद्याचा निषेध आहेच; पण तेथे पिणारे शुक्राचार्य आहेत आणि स्थळ असुरांच्या राज्यातले. गडकऱ्यांनी प्याला पौराणिक विश्वातून उचलून वकिलाच्या घरात ठेवला. अपमानाने जळणाऱ्या सुधाकराच्या हाती तळीराम पहिला प्याला देतो, आणि तेथून सिंधूच्या जात्यापर्यंत, बालकाच्या मृत्यूपर्यंत व अखेरच्या विषापर्यंत नाटकाची घसरण अटळपणे होत जाते. या शोकनाट्याचे सारे बळ घराच्या चार भिंतींत आहे. प्रेक्षकाला सुधाकर दिसतो तो सिंधूच्या डोळ्यांनी. उंबरठ्याच्या आत ती उभी आहे आणि तिच्यासह आपण उभे आहो. उंबरठ्यापलीकडे तो कोठे गेला होता, हे आपल्याला त्याच्या परत येण्याच्या रीतीवरून ताडावे लागते.

तथापि याच नाटकात एक स्थळ असे आहे की जेथे गडकरी उंबरठा ओलांडतात. ते म्हणजे तळीरामाचे आर्यमदिरामंडळ. आजवरच्या समीक्षेने या मंडळाचे प्रवेश बहुधा विनोदी विश्रांती म्हणून वाचले आहेत. शोकाचा ताण सैल करावयाचा, शेक्सपिअरच्या विदूषकी प्रवेशांशी तुलना करावयाची आणि पुढे जावयाचे, असा हा क्रम ठरलेला आहे. प्रस्तुत लेखकास हे वाचन अपुरे वाटते. मंडळाच्या बैठकीत कोण बसले आहे, हे पाहावे. तेथे शास्त्री आहे आणि खुदाबक्षही आहे. निरनिराळ्या जातींची व व्यवसायांची, निरनिराळ्या प्रांतांच्या वळणाची माणसे आहेत. प्रेमभंगाने विदीर्ण झालेला भगीरथ तेथे येतो, तो केवळ दारूसाठी येतो असे नाही. सभ्य समाजात त्याचे दुःख बसवावयास दुसरी जागा नाही म्हणून येतो. एका शास्त्र्याने एका मुसलमानाच्या मांडीला मांडी लावून बसावे, अशी दुसरी बैठक या नाटकात नाही, आणि १९१९ च्या पुण्या-मुंबईतील प्रेक्षकाच्या नित्याच्या आयुष्यातही ती सहसा नव्हती. गडकऱ्यांना हे दिसले होते यात शंका नाही, कारण विनोदाचा अर्धा भार त्यांनी त्यावरच टाकला आहे. मंडळाची भाषा ही तत्कालीन सुधारक सभा-समाजांच्या भाषेचे विडंबन आहे. सुधारकांना जे व्याख्यानांनी साधले नाही, ते प्याल्याने साधले, हा त्यातील डंख आहे.

डंख खरा आहे. परंतु तो मारून गडकरी थांबतात. मंडळाला त्यांनी विडंबनाखेरीज दुसरे अस्तित्व दिले नाही. ते दुकान नाही, त्याला रस्ता नाही, त्याचा हिशेब कोण ठेवतो हे आपल्याला कळत नाही. शिवाय ती सुशिक्षितांची बैठक आहे. मजुराचा, बलुतेदाराचा गुत्ता नव्हे. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. मराठी रंगभूमीवरील सर्वांत प्रभावी मद्यविरोधी नाटकाने मद्यगृहाचे आकर्षण नेमके कशात आहे हे ओळखले होते, आणि ते चवीत किंवा कैफात नसून संगतीत आहे असा निर्वाळा दिला होता. आपण ते हसण्यावारी नेले. सुधाकर मंडळात का जातो, या प्रश्नाला ‘व्यसन’ हे उत्तर देऊन आपण सुधाकराचा विचार करण्याचे श्रम वाचविले.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. घराच्या बाजूने पाहणे हीच सत्याची बाजू नव्हे काय? दारूच्या दुकानाकडे महाराष्ट्राने ज्या दृष्टीने पाहिले, ती केवळ सोवळेपणाची दृष्टी नव्हती. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये महात्मा फुले यांनी शहरात दारूची दुकाने वाढू देण्यास लेखी हरकत घेतली. शूद्रातिशूद्रांच्या संसाराची काळजी वाहणाऱ्या माणसाची ती हरकत होती. १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्याचे उत्पादन व विक्री सरकारच्या मुठीत आणली होती, आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले. गरिबाचे झाड त्याच्या अंगणातच राहिले, पण त्याच्या फुलांवर सरकारची नजर बसली. अशा स्थितीत गुत्ता हा परक्या सत्तेच्या वसुलीचा नाका होता. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या प्रेरणेने दारूच्या दुकानांवर निरोधन झाले, तेव्हा स्वयंसेवक दाराबाहेर उभे राहिले. १९३० च्या चळवळीत स्त्रियाही त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. दाराबाहेर उभे राहणे ही आपली राष्ट्रीय भूमिका होती. ज्या स्थळाच्या बाहेर उभे राहण्यात पुरुषार्थ आहे, त्याच्या आत शिरून त्याचे वर्णन कोण करणार?

हा आक्षेप प्रस्तुत लेखकास अंशतः मान्य आहे. सिंधूची साक्ष खोटी नाही, आणि गुत्त्यातील समतेची स्तुती करताना ती समता फक्त पुरुषांची होती हे विसरता येत नाही. ती सार्वत्रिकही नव्हती. ज्या गावांत चहाच्या दुकानात अस्पृश्यांची कपबशी वेगळी ठेवली जात असे, तेथे गुत्त्यात मात्र सर्व भेद विरघळत होते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पण म्हणूनच त्या स्थळाचे वर्णन हवे होते. कोण कोठे बसत होता, कोणाला आत प्रवेश होता आणि कोणाला मागच्या दारी, कोणाला उधारी मिळे, हे ठाऊक असते तर त्या समतेचे खरे माप आपल्या हाती आले असते. निषेधाला तपशिलाचे वावडे असण्याचे कारण नाही. झोलाची कादंबरी मद्याची स्तुती करीत नाही.

वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने दुसरे एक कारण यापेक्षाही निर्णायक असावे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९४९ च्या कायद्यान्वये ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. १९६० नंतर ती क्रमाने शिथिल झाली आणि १९७३ च्या सुमारास देशी दारूची दुकाने नियमांखाली पुन्हा उघडली. म्हणजे नवकथेचा बहर, ग्रामीण कथेचा उदय आणि ‘बनगरवाडी’सारख्या कृतीचे प्रकाशन (१९५५) हा सारा काळ असा आहे की, कायदेशीर मद्यगृह हे स्थळ सामान्य माणसासाठी अस्तित्वातच नव्हते. माडगूळकरांच्या धनगरवाडीत चावडीतील शाळा आहे, तालमीची इमारत आहे. गुत्ता नसणे तेथे स्वाभाविकच. पण मुंबईचे काय? तेथे दारू होती, ती कोणाच्या तरी खोलीत, पलंगाखाली, दाराला आतून कडी लावून होती. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ आणि बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह, दोन्ही १९६३ चे. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ १९६५ ची. या कृतींनी महानगराच्या तळाशी जाण्याचे धैर्य दाखविले, आणि त्यासाठी आचार्य अत्र्यांसारख्यांचा रोषही ‘वासूनाका’ने ओढवून घेतला. परंतु पाध्यांनी निवडलेले स्थळ नाका आहे, रस्त्याचा उघडा कोपरा. बंदीच्या काळातील दारू ही जागेत राहत नाही, ती फिरते. म्हणून तिचे वाङ्मयही जागेचे होत नाही, माणसांचे आणि प्रसंगांचे होते. गोव्यात याच काळात पोर्तुगीज अंमल होता आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही तेथे बंदी आली नाही. गावातील ताव्हेर्न चर्च किंवा वाणसामानाच्या दुकानाइतकेच उघडपणे नांदत राहिले. तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकाने गोमंतकीय कथेकडे या दृष्टीने अवश्य पाहावे.

बंदी उठल्यावर तरी दार उघडले काय? नाट्यवाङ्मयाचे उत्तर नकारात्मक आहे. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’मध्ये, ‘सखाराम बाइंडर’मध्ये, एलकुंचवारांच्या ‘पार्टी’मध्ये मद्य मुक्तपणे वाहते; परंतु ते घरात वाहते. चंपा पिते ती सखारामाच्या खोलीत, त्याचा सहवास सोसता यावा म्हणून. ‘पार्टी’तील लेखक-कलावंत पितात ते दिवाणखान्यात. गडकऱ्यांच्या काळी उंबरठ्याबाहेर असलेला प्याला आता उंबरठ्याच्या आत आला, इतकाच फरक. मराठी नाटकाने बाटली रंगमंचावर आणली; दुकान नाही.

कवितेने मात्र ते केले, आणि तेही अशा माणसाने केले की ज्याला उंबरठा ओलांडून जावे लागले नाही. नामदेव ढसाळ यांच्या १९७२ मधील ‘गोलपिठा’ या संग्रहाच्या नावातच ‘पिठा’ हा शब्द आहे. विक्रीच्या हिशेबातील तो रुक्ष शब्द त्यांनी एका वस्तीच्या संपूर्ण अनुभवाचे नाव केला. या संग्रहाला तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती कवितांइतकीच महत्त्वाची ठरते. पांढरपेशा जगाची हद्द जेथे संपते तेथून या कवितेचे जग सुरू होते, असे सांगून तेंडुलकर त्या जगात कवीबरोबर हिंडल्याचे आणि अनेक शब्दांचे अर्थ त्याच्याकडून समजून घेतल्याचे नमूद करतात. मराठीतील एक श्रेष्ठ नाटककार आपल्याच भाषेतील शब्दांचे अर्थ विचारीत एका शेजारातून फिरतो, ही घटना साधी नाही. मराठी समीक्षेने मद्यगृहाच्या वस्तीला दिलेली पहिली प्रामाणिक भेट म्हणून या प्रस्तावनेचा उल्लेख करावा लागेल. प्रामाणिक एवढ्यासाठी की पाहुण्याने आपण पाहुणे आहोत हे लपविले नाही.

येथे बेल्ह्याच्या रस्त्याकडे पुन्हा पाहावे लागते. ढसाळांचे मूळ गाव, पूर-कनेरसर, खेड तालुक्यात म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या दक्षिणेस आहे. ‘बलुतं’कार दया पवार हे उत्तरेकडील अकोले तालुक्यातील धामणगावचे. मुंबईच्या तळाचे मराठी वाङ्मय ज्यांनी घडविले, त्यांच्यापैकी दोघे असे जुन्नरच्या दोन्ही अंगांच्या गावांतून आलेले आहेत. हा सारा पट्टा मुंबईच्या गोदीला, गिरण्यांना आणि बाजारांना माणसे पुरवीत आला. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये कावाखान्याचे जे चित्र आहे आणि गोदीत राबून दारूत बुडालेल्या वडिलांचे जे स्मरण आहे, त्यात दृष्टिकोण विलक्षण आहे. लेखक मुलगा आहे, म्हणजे घरातला आहे. पण त्याचे घरच त्या वस्तीत असल्याने आतले आणि बाहेरचे असे दोन प्रदेश त्याला उपलब्ध नाहीत. सिंधूला जो उंबरठा होता, तो दगडूच्या आईला नव्हता. पत्नीची साक्ष आणि पिणाऱ्याची साक्ष ही दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी ऐकू येतात. त्यामुळे वडिलांविषयीचा राग आणि त्यांच्याविषयीची ओढ यांची फारकत ‘बलुतं’मध्ये करता येत नाही. ‘एकच प्याला’च्या शोकाहून हा शोक निराळा आहे, आणि माझ्या मते अधिक कठीण आहे, कारण त्यात दोष देण्यासाठी तळीराम नाही.

म्हणून आर्यमदिरामंडळाचे प्रवेश पुन्हा वाचावे, आणि ते ‘बलुतं’ व ‘गोलपिठा’ यांच्या शेजारी ठेवून वाचावे, अशी पदव्युत्तर अभ्यासकांस सूचना करावीशी वाटते. १९१९ चे मंडळ आणि १९७२ चा पिठा यांच्या मधला प्रदेश रिकामा आहे. तो बंदीने रिकामा केला, निषेधाने केला की मध्यमवर्गीय लेखकाच्या संकोचाने केला, याचा निर्णय कृतींच्या बारीक वाचनाखेरीज होणार नाही. लेखकाचा संकोच मला या तिहींत सर्वांत दुबळे कारण वाटते. संकोची लेखकांनी याहून अवघड स्थळे वर्णिली आहेत.

कायद्याच्या भाषेत हे स्थळ आजही अर्धवटच अस्तित्वात आहे. राज्यातील प्रत्येक परवानाधारक मद्यगृह चालते ते दारूबंदीच्या अधिनियमाखाली. पिणाऱ्यानेही पिण्याचा परवाना बाळगावा, अशी त्याच कायद्याची अपेक्षा आहे. आणि या शतकात गावोगावच्या स्त्रियांना एक नवा अधिकार मिळाला. गावातील किंवा प्रभागातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी विरोधी कौल दिला तर तेथील दारूचे दुकान बंद करावे लागते. सिंधूला जे कधी विचारले गेले नव्हते, ते तिच्या पणतीला मतपत्रिकेवर विचारले जाऊ लागले. त्या मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात : एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. कौल दुकानाविषयीचा असतो. चित्र मात्र तेथेही दुकानाचे नसते.